सरांनी सांगितलेला चुकीचा अर्थ

सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी आठवीच्या वर्गावर होतो. देवळाली प्रवऱ्यातल्या ज्या शाळेत सरांनी मला इंग्रजी शिकवलं, तिथंच आता मी शिकवतो. फळ्यावरचं वाक्य अर्धंच राहिलं... पुढचा शब्द काही केल्या आठवेना.

सरांचा जीव फ्रेझल व्हर्बमध्ये. "क्रियापद तेच रे गड्या, शेपूट बदललं की जनावर बदलतं," म्हणायचे. एखाद्या अर्थाची खात्री नसली, की पोरांसमोर सरळ कबूल करत आणि दुसऱ्या दिवशी शोधून सांगत. ठोकून देणं त्यांना जमायचं नाही. आमच्यासारख्यांना ते छान जमतं.

आदल्या दुपारी मी नगरच्या दवाखान्यात त्यांच्याजवळ बसलो होतो. सरांच्या बायको, आमच्या काकू, डॉक्टरांना भेटून आल्या. डॉक्टर निम्मं इंग्रजीत बोलायचे आणि काकूंची शाळा चौथीपर्यंतची. विसरू नये म्हणून त्या शब्द घोकतच खोलीत शिरल्या.

"अवो, डॉक्टर म्हनले, नॉट पुल थ्रू. म्हंजी काय वो?"

माणूस यातून वाचणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. मी खाली बघितलं. सरांनी काकूंकडे बघितलं.

"म्हणजे... आता ओढाताण करायला नको. पुण्याला हलवायची गरज नाही. तू आज घरी जाऊन नीट झोप."

काकूंचा चेहरा एकदम उजळला. रात्री पुतण्या थांबणार होता, म्हणून मीच त्यांना एसटीत बसवलं. सकाळी त्या परत पोचायच्या आत सर गेले.

महिन्याभरानं घरी गेलो, तर काकू ओळखू येत नव्हत्या. जेवण जवळजवळ सुटलेलं.

"डॉक्टर बरं म्हनले हुते, सुनील. मी घरी येऊन झोपले अन् मानूस गेला. जवळ असते तर नसतं जाऊ दिलं."

मला सरांचा राग आला. गेलेल्या माणसावर रागावल्याची लाजही वाटली, तरी आला. माया करायला गेले आणि हिच्या गळ्यात काय बांधून गेले! मग मी सरांचं उत्तर खोडलं. डॉक्टरांच्या त्या शब्दांचा खरा अर्थ काकूंना सांगितला.

त्या सरांच्या रिकाम्या खाटेकडे बघत राहिल्या.

"म्हंजी त्यांना ठावं हुतं?"

"हो."

"अन् तुला बी?"

मी मान डोलावली.

"मंग दोघांनी मिळून मला घरी धाडलं व्हय रे..."