कोऱ्या कानांचे ससे

सशाचा कान उलटा करून टॉर्च मारला. आत काहीच नव्हतं. दुसरा ससा घेतला. त्याचेही कान कोरे.

"मेघाताई, हे लॅबचे ससे नाहीत," मी म्हटलं.

मेघाताई आमच्या संस्थेच्या प्रमुख. प्राण्यांवरचे प्रयोग थांबावेत, त्यांच्या जागी दुसऱ्या पद्धती याव्यात म्हणून ही संस्था काम करते. सानपाड्यात छोटं ऑफिस, उलव्यात भाड्याच्या जागेत प्राण्यांची शेड. मी तिथली व्हेट, म्हणजे प्राण्यांची डॉक्टर. त्या सकाळी महाप्याच्या एका टेस्टिंग लॅबने हे ससे पाठवले होते. सशांवरच्या टेस्ट आम्ही बंद केल्या, हे शेवटचे ससे, यांना घरं शोधा, असा त्यांचा निरोप. रविवारी वाशीत कार्यक्रम ठरला होता. लॅबच्या डायरेक्टरचा सत्कार, फोटो, ससे दत्तक.

"लॅबचे नाहीत म्हणजे? त्यांच्याच गाडीतून आलेत ना?"

"प्रयोगाच्या सशाच्या कानात नंबर गोंदलेला असतो. यांना नाही. आणि हे बघा." मी कोथिंबिरीची काडी पुढे केली. ससा तिच्यावर तुटून पडला. "लॅबचा ससा जन्मभर कोरडं, गोळीचं खाद्य खातो. पाला पहिल्यांदा दिसला की बिचकतो. हे दुकानातले आहेत."

मेघाताई वैतागल्या. "तुला प्रत्येकात खोट दिसते. या लोकांना तयार करता करता माझे केस पिकले गं."

"मग खरे ससे कुठे आहेत?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. टेस्ट चालूच असणार. आम्हाला गोंडस ससे, पेपरला फोटो, आणि मागच्या खोलीत तोच जुना धंदा. अशी लोकं मी पाहिली आहेत. मी तडक महाप्याला गेले.

अ‍ॅनिमल रूमचे मॅनेजर घरत मला घ्यायला गेटवर आले. उरणकडचा पन्नाशीचा माणूस. हसत होते, पण रुमालाने सारखी मान पुसत होते. मला नवीन लॅब दाखवायची त्यांना फार घाई.

एखादं केमिकल डोळ्यात उडालं तर किती इजा होईल, हे आधी तपासावं लागतं. जुन्या पद्धतीत ते सशाच्या एका डोळ्यात घालतात, दुसरा डोळा तुलनेला ठेवतात. नव्या पद्धतीत माणसाच्या पेशी वाढवून बुबुळावरच्या पडद्यासारखा पातळ थर तयार करतात. केमिकल त्यावर घालायचं आणि किती पेशी जगल्या ते बघायचं. मशीन नवीन होती. काम चालूही होतं. पण दाखवायला मांडलेलं काम मी बरंच पाहिलंय.

"छान. आता जुनी अ‍ॅनिमल रूम दाखवा."

"तिकडे फ्युमिगेशन चाललंय, डॉक्टर. उद्या या ना."

फ्युमिगेशन म्हणजे खोली बंद करून जंतू मारायचा धूर सोडणं. नाकाला झोंबतो तो. मला मात्र पॅसेजमध्ये सशाच्या मुताचा वास येत होता. ताज्या.

"घरतसाहेब, आत कोणीतरी मुततंय."

त्यांचं हसू गेलं. आजूबाजूला बघून त्यांनी दाराला कार्ड लावलं.

आत पिंजऱ्यांची रांग होती. पांढरे ससे, कानात निळसर नंबर. आणि प्रत्येकाचा एक डोळा दुधाळ.

माझं डोकं फिरलं. "परवापर्यंत टेस्ट चालू होत्या ना?"

"नाय, डॉक्टर. तुमी नीट बघा."

बघितलं. ताजी इजा लाल असते, सुजलेली, पाणी गळत असतं. इथे सगळे डाग कोरडे, पांढरे, जुने. एकही ताजा नाही. मी पुन्हा पहिल्यापासून सगळे तपासले. टेस्ट खरंच बंद झाल्या होत्या.

"मग हे लपवलेत कशाला?"

घरत पिंजऱ्याला हात लावून उभे होते. "साहेब बोलले, असे ससे स्टेजवर गेले तर लोक चपलेने मारतील. दुकानातून चांगले आना, हे संपवा. ह्यांना कोन नेनार हाय? मी आज-उद्या करत टाळत होतो. पन उद्या इंजेक्शन देनारा डॉक्टर येनार हाय."

मी तिथूनच मेघाताईंना फोन केला. त्या आल्या आणि सरळ डायरेक्टरच्या केबिनमध्ये शिरल्या. मी मागोमाग.

"खरे ससे स्टेजवर येतील, नाहीतर कार्यक्रम नाही."

"मॅडम, कंपनीची इमेज..."

"उद्या ते मेले आणि मी त्याबद्दल बोलले, तर इमेज कुठे जाईल?"

डायरेक्टरनी हातातला पेपरवेट बाजूला ठेवला. म्हणाले, "आजच घेऊन जा. पण गाजावाजा नको. सत्कारही राहू दे."

मेघाताईंनी सगळ्यांना आमंत्रणं दिली होती. तरी त्या मला म्हणाल्या, "गाडी मागव."

गाडीत चढवताना मी प्रत्येक कान तपासला. घरत शेजारी उभे राहून बघत होते. त्यांना त्याचा राग आला असावा. येऊ दे, म्हटलं.

कार्यक्रम रद्द झाला. दुकानातले ससे लगेच घरोघरी गेले. लॅबचे मात्र शेडमध्येच राहिले. लोक यायचे, डोळा बघून हळहळायचे आणि रिकाम्या हाताने परतायचे. काही म्हातारपणाने शेडमध्येच गेले, काहींना उशिरा का होईना घरं मिळाली. घरत बायकोला घेऊन आले आणि दोन मागितले. मी आधी त्यांचं घर बघून आले, मगच दिले. त्या लॅबमध्ये मी अजूनही न कळवता जाते.

खोटं मी बरोबर पकडलं होतं. त्यामागचं कारण साफ चुकलं होतं. ससे वाचले ते मी दार उघडायला लावलं म्हणून. माझा अंदाज बरोबर होता म्हणून नव्हे.