वाकळेखालची माय

फोन आला तेव्हा मी मुदखेडच्या फलाटावर होतो. भाची बोलत होती. "मामा, पप्पा आता नाहीत..." एवढंच म्हणाली, आणि मागं अक्काचा आवाज आला, मग फोन बंद. मी उमरीहून निघालो होतो ते दाजींनाच भेटायला. नांदेडच्या गाडीला अवकाश होता, म्हणून बाकावर पसरलो होतो. जागा दिसली की पसरायचं, हा माझा जन्मजात गुण. पण फोन खिशात ठेवला आणि उठलो तो बसवेचना. फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. चहावाला ओळखीचा. म्हणाला, "सर, गाडी येऊन राहिली की. चालतच जाता का नांदेडला?" त्याला काय सांगणार, की ही चाल माझी नाही, आमच्या दाजींची आहे.

याला आता काही आठवडे झाले. अजून तेच चाललंय. हे लिहायला बसलो तरी चार ओळी झाल्या की उठतो, खिडकीशी जातो, बाहेर बघण्यासारखं काही नसतं ते बघून परत येतो. बायको म्हणते, "आयुष्यभर तुम्हाला उठवता उठवता माझी कंबर गेली, अन् आता बसा म्हणायची पाळी आली."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सुमनअक्काचे यजमान. नाव सुधाकर. लातूरकडच्या मुरुडजवळच्या खेड्यातले. अक्काला बघायला आमच्या नांदेडच्या घरी आले ते दारातच उभे राहिले, पोहे उभ्यानं खाल्ले, चहा अंगणात फिरत प्यायले. ते गेल्यावर आमचे वडील म्हणाले, "पोरगं चांगलं हाय, शिकल्यालं हाय. पण घरात टिकंल का?" टिकले. म्हणजे घरात टिकले. खुर्चीत मात्र नाही. जेवतानासुद्धा त्यांचा एक गुडघा हलत असायचा, आणि त्याच्या तालावर ताटातली वाटी किणकिणायची.

लातूर नवा जिल्हा झाला आणि दाजींची बदली तिथल्या नव्या कचेरीत झाली. अजून सगळी मांडामांड चालू होती. फायली गोणपाटात बांधलेल्या आणि खुर्च्या यायच्या होत्या, त्यामुळं दाजींइतका सुखी कारकून त्या कचेरीत दुसरा नसेल. नवा जिल्हा म्हणजे नव्या जागा, असा हिशोब करून वडिलांनी मला बीएच्या सर्टिफिकिटासकट तिकडं धाडलं. मी अक्काच्या पत्र्याच्या खोल्यांत जाऊन झोपलो. नोकरी शोधत होतो असं वडिलांना कळवत होतो, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. संध्याकाळी मी चौकापर्यंत जायचो. पाऊस दोन वर्षं नीट झाला नव्हता. नळ नावालाच. टँकर कधी येईल याचा नेम नाही, त्यामुळं गल्लीतल्या बायका कानानं जगायच्या. हॉर्न वाजला की हातातलं काम टाकून घागरी घेऊन पळायच्या.

अशा त्या गावात दाजींनी छंद कसला धरावा, तर घरी फिल्म धुण्याचा! एका बंद पडलेल्या स्टुडिओतून त्यांनी दोन डोळ्यांचा कॅमेरा आणला होता. छातीशी धरायचा, वरून आत वाकून बघायचं. फिल्म चांगली रुंद, एका रोलात बाराच फोटो. स्टुडिओत धुवायला टाकून चार दिवस वाट बघणं ह्या माणसाला शक्य नव्हतं, म्हणून सगळं घरीच. डेव्हलपरची, म्हणजे फोटो उमटवणाऱ्या औषधाची, बाटली थंड राहावी म्हणून माठात बुडवलेली. "आधी ती बाटली प्यायाचं पाणी पितीय, मग आपण," अक्का म्हणायची. वर फिल्म खळखळून धुवायला घागरभर पाणी लागायचं, ते वेगळंच.

त्यातलं अवघड काम म्हणजे धुण्याच्या डबीतल्या रिळावर फिल्म चढवणं. ते पूर्ण काळोखात करावं लागतं, आणि आमच्या पत्र्याला तर खिळ्यांची भोकं. म्हणून भरदिवसा दोन जाड वाकळा एकावर एक घालायच्या, दाजींनी कोपरापर्यंत हात आत घालायचे आणि मी वाकळेच्या कडांवर बसायचं, म्हणजे उजेड शिरणार नाही. माझ्या अंगभूत गुणांना साजेसं असं लातुरात मला मिळालेलं हे पहिलं काम. आत दाजी रोल उलगडायचे. या फिल्मच्या पाठीला तेवढ्याच रुंदीचा काळा कागद असतो, दोन्ही एकत्र गुंडाळलेले. कागद बाजूला सोडायचा, फिल्म हातात ठेवायची आणि तिचं टोक रिळाच्या खाचेत घालून हळूहळू आत फिरवायची. रुंद फिल्म मोठी नाठाळ. घाम लागला की चिकटते, जोर केला की अंगठ्याखाली मुडपते. आणि गंमत अशी, की तेवढा वेळ दाजींचा गुडघा हलायचा नाही. मान वर, नजर पत्र्याकडं, सगळा माणूस बोटांत उतरलेला.

त्या उन्हाळ्यात दाजींची आई वारली. तिला सगळे माय म्हणायचे. जन्मात तिनं फोटो काढून घेतला नव्हता. वारण्याआधी महिनाभर लेकाकडं राहून गेली, तेव्हा दाजींनी तिच्या मागं लागून लागून रोल संपवला. ती स्थिर बसेल तर शपथ! "आरं, चुलीवर दूध हाय," म्हणून उठायची. दूध नसलं तरी उठायची. दाजी कुणावर गेले होते ते मला तेव्हा समजलं. पाण्याच्या टंचाईपायी तो रोल तसाच डब्यात राहिला, आणि माय गावी जाऊन वारली. आता पुण्यानुमोदनाच्या विधीला तिचा फोटो मांडायचा होता. भंतेजी येणार, सगळे पाहुणे येणार, आणि मायचा चेहरा जगात एवढ्या एका रोलातच उरला होता.

तो रोल धुवायला काढला त्या दिवशी दाजींचे हात वाकळेत होते आणि चित्त मुरुडच्या वाटेवर. तरी काम झटक्यात झालं. "आज लई सुरळीत गेली," म्हणाले, डबी बंद करून हात बाहेर काढले. "पाव्हणं, वाकळा झटकून घडी घाला." मी "हाव" म्हणालो आणि तिथंच बसून राहिलो. दाजींनी डेव्हलपर ओतलं, डबी हलवत खोलीत येरझारा घातल्या, मग ते बाहेर ओतलं तर दौत सांडल्यासारखं काळं. ते थबकले. डबी उघडली. आत रिळावर चापून चोपून चढवलेला, ओलाचिंब काळा कागद होता...

म्हणजे फिल्म वाकळेत होती. उघडी. माझ्या मांडीखाली.

"पाव्हणं," दाजी इतक्या हळू बोललेले मी कधी ऐकले नव्हते, "उठू नका."

माझ्या आळसाचा आमच्या दोन्ही घराण्यांना झालेला हा एकमेव उपयोग. वाकळ झटकली असती तर माय तिथंच पुसली गेली असती. पण रीळ ओलं, आणि ओल्या रिळावर फिल्म चढत नाही. दाजींनी ते फडक्यानं टिपलं आणि अंगणातल्या तापल्या पत्र्यावर ठेवून त्याच्याभोवती घिरट्या घालू लागले. आणि नेमका तेव्हाच टँकरचा हॉर्न वाजला.

"बब्या, ऊठ! घागरी घे!" अक्का ओरडली.

"उठता येईना गं."

"का? पाय मोडले का तुझे?"

"उठलो तर माय जातीय!"

अक्काला वाटलं, उन्हानं माझं डोकं फिरलं. दाजींनी दोन वाक्यांत सांगितलं तशी ती दोन घागरी घेऊन एकटीच पळाली. शेजारच्या खाला दारातून डोकावल्या. त्यांच्या घरची शिवणयंत्र दुरुस्तीची दुकानदारी, आणि तोंड सुईपेक्षा टोकदार. मला बघून म्हणाल्या, "अगे सुमन, तेरा भाई अंडे पे बैठ्या क्या?" पण हसता हसता आमची तिसरी घागर उचलून त्याही रांगेकडं गेल्या.

त्या दुष्काळाचे एकदाच उपकार झाले: रीळ बघता बघता खडखडीत वाळलं. दाजींनी हात पुन्हा आत घातले. या खेपेला त्यांचा गुडघा हलत होता. मी वाकळेच्या कडा आणखी दाबून धरल्या. फिल्म आत जाईना. बाहेर बायकांचा गलका, घागरींचे आवाज. कपाळावरचा घाम पुसायला दाजींना हात मोकळा नाही, तो मी माझ्या बाहीनं पुसला. मधेच ते थांबले. डोळे मिटले. पुटपुटले ते मला ऐकू गेलं, "बस की माय, जरा बस..." मग हळूहळू गुडघा थांबला, आणि आत रीळ फिरल्याचा बारीक कर्र आवाज येऊ लागला.

माठातल्या बाटलीत अजून डेव्हलपर होतं. धुवायची वेळ आली तेव्हा अक्का भरली घागर घेऊन दारात उभी. एरवी तांब्याचा हिशोब मागणारी बाई, पण त्या दिवशी तिनं स्वतः धार धरली, घागर रिकामी होईस्तोवर. दाजींनी पट्टी उजेडाकडं धरली. बहुतेक फोटोंत माय हललेली होती. एकात मात्र स्वच्छ आली होती. तेही पूर्ण बसलेली नाहीच; एक हात जमिनीला टेकून उठायच्या बेतात. आणि तिच्या खांद्याशी नखाएवढी चंद्रकोर. फिल्म चढवताना दाजींच्या अंगठ्याखाली मुडपली होती, तिथं वण पडला होता.

तो फोटो लातूरच्या गोलाई बाजारातल्या एका स्टुडिओतून मोठा करून गावी नेला. भंतेजींचं झाल्यावर बायका फोटोजवळ गेल्या. एक म्हातारी म्हणाली, "हीच की. निघाली बघ, उठून." सगळ्या हसल्या, आणि मग रडल्या. दाजी मंडपाबाहेर फेऱ्या मारत होते.

मला पुढं उमरीला शाळेत नोकरी लागली, दाजी नांदेडला येऊन निवृत्त झाले, आणि तो फोटो त्यांच्या पुढच्या खोलीत आला. मध्यंतरी भाचीनं दाजींच्या फोटोसोबत लावायला मायचीही नवी प्रत करून आणली. स्टुडिओवाल्यानं संगणकावर साफ करून दिली होती. अक्कानं हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली.

"खांद्यावरचं कुठं गेलं?"

"डाग होता आई तो. काढला."

"डाग न्हवता गं तो," अक्का म्हणाली, आणि मला म्हणाली, "बब्या, जुनाच लाव."

मी स्टुलावर चढून जुना फोटो परत खिळ्याला अडकवला. तेव्हापासून नांदेडला गेलो की त्याच्यासमोर खुर्ची ओढतो. उठायच्या बेतात असलेली ती बाई, आणि तिच्या खांद्यावर लेकाचा अंगठा... जरा बस, म्हणतोय. मीही बसतो. थोडा वेळ बसवतं. मग उठतो.