चाळीस घरच्या पोळ्या

आचलला नीटमध्ये मार्क पडले ते असे, की माणसांच्या डॉक्टरकीला कमी आणि घरात गुपचूप बसवायला जास्त. सगळ्यांना वाटलं, पोरगी आता रडते. पोरगी कशाची रडते! तिला सातवीपासून जनावरांचीच डॉक्टर व्हायचं होतं. माणसांच्या कॉलेजांची नावं तिनं फॉर्मात भरली होती ती निव्वळ घरच्यांची तोंडं बंद ठेवायला. अकोल्याच्या पशुवैद्यकीय कॉलेजात तिची सीट लागली आणि घरात जो तमाशा उभा राहिला, त्याच्यापुढं आमची ग्रामसभा म्हणजे भजनी मंडळ.

"ढोरायची डॉक्टर?" महादेवराव गरजले. हे आचलच्या बापाचे मोठे भाऊ. आचल त्यांना मोठे बाबा म्हणे. "आपल्या खानदानातली पोट्टी ढोराच्या ढुंगणात हात घालन? अन् मंग तुले बायको करन कोन?"

"ज्याले कराची असन त्याले सांगा, मोठे बाबा. हात धुऊन जेवते म्हना."

मागं चुलीपाशी तिची माय दुर्गाबाई फिसकन हसली आणि मग खोकल्याचं सोंग करत बसली. बाप सूर्यभान मात्र हसलाही नाही आणि खोकलाही नाही. माणूस देवभोळा, कष्टाळू, सगळं खरं; पण दादानं मान हलवल्याशिवाय तो चहात साखरसुद्धा टाकायचा नाही. प्रवेशाला पालकाची सही हवी होती. मार्कलिस्ट, टीसी, झाडून सगळे कागद महादेवरावांच्या कपाटात होते आणि कपाटाची किल्ली त्यांच्या करदोड्याला. शेवटची तारीख पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी पाचपर्यंत.

दर्यापूरपासून बारा किलोमीटरवरच्या या गावात आता ट्रॅक्टर मोजता येत नाहीत आणि बैलजोडी एकच उरली आहे, महादेवरावांची. मोऱ्या आणि चांद्या. बैल गेले म्हणून पोळा थोडाच जातो? तोरण तुटून पोळा फुटला की बैलानं दारी यावं, बाईनं पाय धुवावेत, पुरणाची पोळी चारावी, बैलवाल्याच्या हातावर बोजारा म्हणून चार पैसे ठेवावेत, ही रीत. पूर्वी एका घरी एक जोडी यायची. आता चाळीस घरांना एक जोडी. आणि पोळी काय एकच देतात? वर्षाचा सण म्हणून कुणी पाच, कुणी सात, वर गव्हाची खीर.

आदल्या दिवशी खांदशेकणीला बैलांच्या खांद्याला तूप-हळद लावून महादेवरावांनी त्यांच्या कानात सांगितलं होतं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बैल बिचारे खरंच जेवायला निघाले.

मोऱ्याचा कासरा महादेवरावांकडे, चांद्याचा आचलकडे. चौदावं घर झालं तशी आचल थांबली.

"मोठे बाबा, बस करा. इतकं गोडधोड बैलाच्या पोटात आंबते. जनावर मरते त्यानं."

"हे पाहा! कॉलेजात पाय नाही ठेवला, अन् शिकवून राहिली. अवं, त्याचा सण आहे. वर्षभर खपते, एक दिवस खाऊ दे ना त्याले!"

"खाऊ द्या. चांद्या नाही येत."

तिनं चांद्याला सरळ वळवलं आणि गोठ्यात नेऊन बांधलं. आरतीची ताटं घेऊन बाया दारात खोळंबल्या, महादेवरावांचा भर चौकात पाणउतारा झाला, आणि त्या रागात त्यांनी मोऱ्याला उरलेल्या एकूणएक दारी नेलं. जोडीतल्या दोघांच्याही पोळ्या त्यालाच चारल्या.

सकाळी मोऱ्या उठला नाही. रवंथ बंद, पोट तट्ट, शेणाचं नुसतं आंबट पाणी. महादेवराव अनवाणीच आचलच्या दारात आले.

"आचल, चाल वं माय. तो पाहून नाही राहिला माह्याकडे."

आचलनं धावत धावतच तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यातल्या साधना मॅडमना फोन लावला. मॅडम दुसऱ्या गावी अशाच एका बैलापाशी बसलेल्या. "पोळीचाच ना? सकाळपासून तिसरा. मी येईपर्यंत खायचा सोडा पाण्यातून पाज," म्हणत त्यांनी मापही सांगितलं. आचलनं घराघरातून सोडा गोळा करायला लावला. ज्या बायांनी काल पोळ्या चारल्या, त्याच आज सोड्याच्या पुड्या घेऊन पळत आल्या. सूर्यभाननं मोऱ्याची मान धरली, महादेवराव सवयीनं जीभ ओढायला गेले, तसं आचलनं त्यांच्या हातावर चापट मारली. "जीभ सोडा! फुफ्फुसात जाईन पानी." त्यांनी सोडली. घोटघोट करत तिनं पाजलं, त्याच्या मानेवरून हात फिरवत राहिली, आणि तिला कळत होतं की हा आपल्या हातून चालला. तिला इतकी भीती आयुष्यात वाटली नव्हती.

मॅडम अकराला आल्या. सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली. बाराच्या सुमारास मोऱ्यानं मान टाकली.

"पोरीनं केलं ते बरोबर केलं," हात पुसत मॅडम म्हणाल्या. "पण काल रात्रीच फोन करायचा होता. याचा जोडीदार कसा काय ठणठणीत?"

चांद्या पलीकडे कडबा चघळत उभा होता.

"तो चौदा घरं करून वापस आला, मॅडम," सूर्यभान म्हणाला. "माह्या पोरीनं आनला." आणि दादाकडे न पाहता त्यानं हात पुढं केला. "किल्ली दे."

महादेवरावांनी करदोडा सोडवायला घेतला, पण गाठ सुटेना; शेवटी तो विळ्यानं कापावा लागला. सूर्यभाननं सही केली आणि खड्डा खणायला गेला. मोऱ्याला माती देईपर्यंत दोन वाजले, बस केव्हाच निघून गेली होती. महादेवरावांनी मोटरसायकल काढली, "बस मांगं," एवढंच म्हणाले आणि थेट अकोल्याची वाट धरली.

कॉलेजच्या खिडकीशी पोचले तेव्हा साडेचार वाजून गेले होते. क्लार्क आवराआवरी करत होता.

"आता येता? सकाळपासून काय करत होते?"

"मयत झाली जी घरात," महादेवराव म्हणाले.

"अरेरे. कोण वारलं?"

"मोऱ्या."

"म्हातारे होते का?"

"अकरा वर्षांचा."

क्लार्क खुर्चीवरून उठलाच. पाण्याचा ग्लास पुढं केला. "लेकरू गेलं, आणि तुम्ही असे... काय झालं होतं हो?"

"आमीच खाऊ घालून मारला."

क्लार्कचा हात ग्लासावरच राहिला. आचल खिडकीत वाकली. "बैल होता, सर. काल पोळा होता ना."

क्लार्कनं तिच्याकडे पाहिलं, मग त्या धोतरातल्या माणसाकडे, जो खिडकीच्या गजाला कपाळ टेकवून भर ऑफिसात हमसून रडत होता.

"हे पोट्टी कालच सांगत होती, जी," महादेवराव म्हणाले. "चौदाव्या घरी सांगतलं तिनं. मीच ऐकलं नाही. लिहा ना बाप्पा तिचं नाव, लवकर लिहा."