मामाचं मऊ गणित

मामासमोर काही मऊ ठेवायची सोयच नव्हती. मळलेली कणीक, लागलेलं दही, पिकलेलं सीताफळ, आमचे गाल. दिसलं की बोटानं दाबणार आणि परत वर कसं येतं ते टक लावून बघणार. आई, म्हणजे त्याची अक्का, ओरडायची, "अरे, दह्यात बोट काहून घालून राहिला? प्रोफेसर हाय का लेकरू?" मामा बोट चाटत म्हणायचा, "अक्का, दगडाचं गणित कुणीबी करतं. मऊचं लई अवघड!"

मामा मोठ्या शहरात भौतिकशास्त्रज्ञ. अंगावरच्या पेशी एकमेकींना ढकलत, ओढत जखम कशी बुजवतात, याची समीकरणं कागदावर मांडायचा. आमच्या गावी, कुरुंद्याला आला की पारावर समजावून सांगायचा, "कळमनुरीच्या बाजारात आपण कुठं चालतो? गर्दीच आपल्याला चालवते. पेशींचं तसंच." लोक माना डोलवायचे आणि पोराच्या खोकल्यावर औषध विचारायचे. हा भोळा सांब तेही तासभर ऐकून घ्यायचा. मऊ लागलं की लोक कोपरानं खणतात, म्हणून आई चरफडायची. पण भावाचा अभिमान इतका, की जखमा भरणारा म्हणून तीच गावभर सांगत फिरायची.

मग तिच्याच पायाची जखम शुगरमुळं चिघळली. नांदेडच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पाय काढा, नाहीतर जिवावर बेतेल. आई हटून बसली. "माझा भाऊ जखमांवरच शिकून राहिला. त्याचं गणित होऊ द्या, मग बघू." मी रडले, भांडले, हात जोडले. बाई ढिम्म! शेवटी मामालाच बोलावलं.

मामानं जखम पाहिली आणि आईच्या उशाशी बसला. "अक्का, माझ्या गणितानं आजवर एकबी जखम भरली न्हाई. तुझीबी भरणार न्हाई. पाय काढू दे."

आई बघतच राहिली. "मग इतकी वर्षं काय करून राहिला रे?"

"समजून घेऊन राहिलो. अजून अर्धंबी समजलं न्हाई," म्हणाला आणि ओक्साबोक्शी रडायला लागला. एवढा मोठा माणूस लेकरासारखा रडत होता, पण मला तो त्याच दिवशी सगळ्यात मोठा वाटला. आईनं पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "गाडी सांग."

पाय गेला, आई राहिली. आता मामाचा फोन आला की तब्येतीचं बोलणं व्हायच्या आधी ती विचारते, "कुठवर आलं रे तुझं गणित?"

"थोडं सरकलं, अक्का."

"व्हय? मग सावकाश कर, बराबर कर. आता माझ्यासाठी घाई न्हाई."