लुबोरचे वाकडे एंजल

चेक देशातल्या पार्दुबित्से शहरातल्या आमच्या वसाहतीत लुबोर मिकेशला सगळे दोन गोष्टींसाठी ओळखतात. एक, तो लिफ्ट दुरुस्त करतो. दुसरी, त्याचे एंजल मासे. लिफ्ट मजल्यापेक्षा बोटभर जरी वर किंवा खाली थांबली तरी त्याला चैन पडत नाही आणि माशांकडेही तो त्याच नजरेनं पाही. रुपेरी अंग, त्यावर काळे उभे पट्टे, आणि वरचे-खालचे पर शिडाच्या होडीसारखे सरळ ताठ. मुलगी शाळेत होती तेव्हापासून त्यानं ही जात आपल्या दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीत जपली होती. ती मुलगी आता लग्न होऊन ब्रनोला राहते.

जपण्याची त्याची रीत कडक होती. पिल्लं बोटाच्या पेराएवढी झाली की तो टाकीसमोर खुर्ची मांडून बसे. पर वाकडा दिसला, पट्टा तुटका दिसला, की ते पिल्लू जाळीनं उचलून वाडग्यात टाकी आणि वाडगं बायकोच्या, ब्लांकाच्या, हातात देई. त्याचं पुढे काय होतं हे त्यानं कधी विचारलं नाही. विचारण्याची हिंमत नव्हती, असंही म्हणता येईल. सरळ परांची पिल्लं मात्र तो कुणालाच देत नसे. मासे पाळणाऱ्यांच्या क्लबात बिअरचे ग्लास पुढे सरकवून लोकांनी मागितली, विनवण्या केल्या. लुबोर म्हणे, "तुमच्याकडे बिघडतील."

त्या वर्षी नाताळच्या आधी आमच्याकडच्या प्रत्येक घराप्रमाणे मिकेशांच्या न्हाणीतल्या टबातही कार्प मासा पोहत होता. कोपऱ्यावरच्या मासेवाल्याच्या पिंपातून जिवंत आणायचा, सणाच्या जेवणापर्यंत टबात ठेवायचा आणि तोवर घरच्यांनी आंघोळीला बहिणीकडे जायचं, हे ठरलेलंच. हा कार्प मोठा होता आणि खादाड होता. लुबोरला मात्र त्याच्याकडे बघायलाही सवड नव्हती. सणाच्या गर्दीत लोक लिफ्टमध्ये नाताळची झाडं कोंबत होते, लिफ्टा अडकत होत्या, आणि तो या इमारतीतून त्या इमारतीत पळत होता.

सणाच्या आदल्या दिवशी सकाळी ब्लांकानं कार्प बादलीत घालून तिसऱ्या मजल्यावरच्या दुशानकडे दिला. दुशान बस चालवतो, पण नाताळात अख्ख्या इमारतीचे कार्प तोच कापतो, कारण बाकी कुणाचा हात धजत नाही. मग ती व्हॅनिलाची बिस्किटं भाजायला लागली आणि टब तसाच राहिला.

संध्याकाळी लुबोर घरी आला. न्हाणीत कार्प नाही, टब काठोकाठ भरलेला. दर आठवड्याला टाकीचं पाणी बदलायच्या दिवशी ब्लांका टबात पाणी भरून ठेवते, म्हणजे नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडून जातं. आज तोच दिवस होता, तेव्हा तिनं टब धुऊन भरला असणार, असं त्यानं गृहीत धरलं. कामावरून थकून आलेल्या माणसानं शिस्त मोडली नाही, हीच त्याची चूक. पाणी कोमट व्हावं म्हणून बादलीत थोडं उकळतं पाणी घालून त्यानं निम्मी टाकी त्या पाण्यानं भरली आणि समाधानानं झोपला.

सकाळी सगळे एंजल पाण्यावर आडवे तरंगत होते. सगळ्यात जुनी जोडीसुद्धा.

ब्लांका न्हाणीच्या दारात उभी राहिली आणि तिच्या सगळं लक्षात आलं. "अरे लुबोर, ते कार्पचं पाणी होतं! तीन दिवसांची घाण त्यात! तुला वास नाही आला?"

"घरभर व्हॅनिला दरवळत होता," लुबोर म्हणाला. त्यानं जाळी हातात घेतली. "संपलं. ही जात आता जगात कुठेच नाही. कारण मी कुणाला दिलीच नाही."

तो भांडला असता तर बरं झालं असतं, असं ब्लांकाला वाटलं. पण त्यानं मेलेले मासे एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळले, पंप बंद केला आणि म्हणाला, "सण झाला की टाकी विकून टाकू. तिथे कपाट ठेव."

ब्लांका कार्पचे तुकडे आणायला म्हणून दुशानकडे गेली. यायला चांगलाच उशीर झाला.

दुपारी दाराची बेल वाजली. दारात दुशान. एका हातात बादली, दुसऱ्या हातात काकडीच्या लोणच्याची मोठी बरणी. बरणीत एक पूर्ण वाढलेला एंजल मासा. रुपेरी अंग, काळे पट्टे, आणि वरचा पर मात्र लाथ बसल्यासारखा मागे दुमडलेला.

लुबोर बरणीकडे बघतच राहिला. "हा कुठून आणलास?"

"तुझाच आहे. तुझ्या बायकोनं दिला. नापास झालेला."

लुबोर बायकोकडे वळला. ब्लांका बटाट्याच्या कोशिंबिरीत इतकी गढून गेली होती, की मान वर करायलाही तिला फुरसत नव्हती.

"ब्लांका?"

"मग काय संडासात सोडू त्यांना? रोज रात्री माझ्या स्वप्नात आले असते. जो मागेल त्याला दिले. या इमारतीत नऊ घरांत आहेत. पलीकडच्या इमारतीतही असतील, तिथलं मला नीट माहीत नाही."

तेवढ्यात पाचव्या मजल्यावरच्या रुझेना आजी आल्या. ऐंशी उलटलेली बाई, छातीशी सूपचं पातेलं धरलेलं. "सरका, सरका. जनरलला थंडी वाजते."

"कोण जनरल?"

"हा." आजींनी झाकण काढलं. "आणि तू याला नालायक ठरवलंस, हे मला ठाऊक आहे. माझ्याकडे सहा वर्षं झाली. माझ्या नवऱ्यापेक्षा शहाणा आहे. नवरा हाक मारल्यावर येत नसे." आणि त्या पातेलं तसंच टाकीवर वाकवू लागल्या.

"आजी, थांबा!" लुबोर इतक्या जोरात ओरडला की दुशानच्या बरणीतलं पाणी हिंदकळलं. "त्यात विष आहे अजून! सगळं उपसावं लागेल, वाळू धुवावी लागेल. आणि नवीन मुरलेलं पाणी मी आज आणू कुठून?"

"ही बादली काय मी कोशिंबिरीसाठी आणली?" दुशान म्हणाला. "माझ्या टाकीतलं पाणी आहे. बाकीचेही आणतायत."

मग सकाळपासून खुर्चीत बसून असलेला लुबोर उठला. बाह्या वर केल्या. दुशानला नळी धरायला लावली, ब्लांकाला वाळू धुवायला बसवलं, आणि बादल्या घेऊन येणाऱ्यांना लिफ्टमध्ये एका वेळी किती चढायचं ते बजावलं. तरी एकदा लिफ्टमध्ये पाणी सांडलंच. कुणी बुटांची खोकी सांभाळावीत तशा बरण्या सांभाळत लोक जिन्यावर रांगेत उभे राहिले. तळमजल्याच्या बाईंनी आपला मासा परत घेऊन जाणार असं सांगितलं, कारण मुलं रडत होती. पण पिल्लं झाल्यावर पुन्हा पाठवीन म्हणाल्या. दुशाननं स्पष्ट केलं, "मीही देत नाही हं, उसना देतोय."

अंधार पडायच्या सुमाराला टाकीत सात एंजल पोहत होते. एकाही माशाचा पर सरळ नव्हता. कुणाची शेपटी आखूड, कुणाचा पट्टा मध्येच तुटलेला. पण सगळे एकाच रक्ताचे, हे लुबोरला पाहताक्षणी कळलं. आणि हेही कळलं की वाकड्या माशांची पिल्लं सरळही निघू शकतात.

"ही दोघं बघ," तो ब्लांकाच्या कानाशी पुटपुटला. "जोडी जमेल यांची."

"कपाट कुठे ठेवू मग?"

"कसलं कपाट?"

जेवायला ब्लांकानं आजींना आणि दुशानला थांबवून घेतलं. तळलेला कार्प ताटात आला तेव्हा लुबोरनं ताट बाजूला सारलं. "यानं माझे मासे मारले."

"मग सूड म्हणून तरी खा," दुशान म्हणाला.

लुबोरला हसू आवरेना. त्यानं ताट पुढे ओढलं आणि पहिला घास घेतला. टाकीत जनरल एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात फिरत होता, वाटेत येणाऱ्या सगळ्यांना धक्के मारत.

"बघ," रुझेना आजी काट्यानं तिकडे दाखवत म्हणाल्या, "घर ओळखलं त्यानं."

जनरलला इथून नेलं तेव्हा तो बोटाच्या पेराएवढा होता. माशाला इतकं मागचं काही आठवत नाही, हे लुबोर एरवी कुणालाही पटवून सांगत बसला असता.

"ओळखलं, आजी," तो म्हणाला. "लगेच ओळखलं."