पहिल्या गटातला शेवटचा सामना

१९९६ सालच्या डिसेंबरची आठ तारीख, रविवार. दुपारी दोन वाजता पंचांनी शिटी वाजवली आणि आमच्या कारखान्याच्या कबड्डी संघाचा त्या हंगामातला शेवटचा सामना सुरू झाला. मैदान दिल्लीत, हिंदूराव रुग्णालयाच्या टेकडीखाली. सकाळभर धुके होते. माती ओलसर आणि थंडगार होती.

त्या हंगामात आम्ही बहुतेक सगळे सामने हरलो होतो. हरणाऱ्या संघात आधी भांडणे होतात. ती होऊन गेली होती. मग शांतता येते. तीही आली होती. बसमध्ये कोणी बोलत नसे. जेवताना कोणी तूप मागत नसे, आणि हरियाणातला खेळाडू तूप मागेनासा झाला की प्रशिक्षकाने काळजी करावी.

मी त्या संघाचा प्रशिक्षक. मूळचा सातारा जिल्ह्यातला. हरियाणात मानेसरच्या रस्त्यावर गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्रीडाशिक्षक म्हणून लागलो आणि तिथेच राहिलो. खेळाडू पगारी होते, पण त्यांची नेमणूक वर्षावर्षाची. जुना मालक होता तोवर कोणी काही विचारले नाही. मग परदेशी भागीदार आला, काचेचे कार्यालय झाले, आणि मातीत पळणाऱ्या माणसांचा कारखान्याला उपयोग काय, अशी विचारणा झाली. शेवटी असे ठरले की संघ लीगच्या पहिल्या गटात टिकला तर चालू राहील आणि कप्तानाला कारखान्यात कायम करतील. खाली घसरला तर संघ बंद, सगळे घरी. टिकायचे तर हा शेवटचा सामना जिंकणे भाग होते.

हा निरोप मला कामगार विभागाच्या अधिकाऱ्याने दिला होता. तो नागपूरकडचा. त्या कारखान्यात मराठी बोलणारे आम्ही दोघेच.

"सर, एक सामना काढून द्या फक्त," तो म्हणाला. "बाकी वरच्यांचं मी पाहून घेतो."

"आणि हरलो तर?"

"तर नोकरी संपल्याचा कागद मलाच काढावा लागते ना, सर."

कप्तान रोहतककडच्या खेड्यातला, तिशीला टेकलेला. पोलिसातली भरती सोडून तो आमच्याकडे आला होता. आता तिकडे जाण्याचे वय उलटले होते. नोकरी पक्की होणार, असे त्याने घरी सांगितले होते. वडिलांनी त्या आनंदात गावाला जेवण घातले. हे त्याने मला सामन्याच्या आदल्या दिवशी सांगितले.

"पक्की होने से पहले ही?" मी विचारले.

"बापू मान्या कोनी, कोच साहब." बापाने ऐकले नव्हते.

त्याच्या खेळाविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. हरियाणात गावोगाव वर्तुळाची कबड्डी चालते. मैदान गोल, चढाई करणारा पळाला की एका गड्याने त्याच्या मागे धावायचे. आमची कबड्डी चौकोनी मैदानाची. दोन्ही कडांना एकेक पट्टी असते, तिला लॉबी म्हणतात. चढाई करणाऱ्याशी स्पर्श होण्याआधी बचाव करणाऱ्याचा पाय त्या पट्टीत पडला की तो बाद. शिवाय आपल्याकडे बचाव जोडीने होतो, एकमेकांचे हात घट्ट धरून. त्याला साखळी म्हणतात. मी पहिल्या दिवशी साखळी शिकवली तेव्हा सगळे हसले होते.

"कोच साहब, हाथ पकड कै तो फेरे लिया करैं," कप्तान लग्नातल्या सप्तपदीवरून म्हणाला होता.

"फेरे ही समझ. छोडा तो घर से बाहर."

साखळी ते शिकले. पाठलाग मात्र त्यांच्या पायांतून गेला नाही. हंगामभर आम्ही हातचे गुण घालवले ते बहुतेक लॉबीत.

त्या दुपारी पूर्वार्धात आम्ही मागे पडलो. उत्तरार्धात कप्तानाने एकट्याने चढाया करून संघाला वर आणले. गुडघ्याला फडके बांधून तो खेळत होता. शेवटचे मिनिट लागले तेव्हा आम्ही एका गुणाने पुढे होतो. एकच चढाई उरली होती, ती त्यांची. आमच्यांनी काही करायचे नव्हते. त्याला हात लावू द्यायचा नाही आणि जागा सोडायची नाही, बस्स. मी दोरीबाहेरून ओरडलो, "खडे रहो! कोई नहीं हिलेगा!"

चढाईला आलेला गडी सडपातळ होता. तो आमच्या डाव्या कडेने सरकत गेला, रेषेला लागून. तिथे कोपऱ्यात कप्तान, आणि त्याचा हात धरून शेजारचा गडी. चढाईवाल्याने क्षणभर पाठ दाखवली आणि पळाल्यासारखे केले. कप्तान त्याच्या मागे गेला. त्याने हात सोडला नाही. शेजारच्यानेही सोडला नाही. दोघे एकत्रच लॉबीत पडले. कप्तानाची बोटे चढाईवाल्याच्या टाचेपर्यंत पोहोचली नाहीत. तो गडी वळून मध्यरेषेपार गेला. पंचांनी दोन बोटे वर केली: दोघे बाद, त्यांना दोन गुण. आम्ही एका गुणाने हरलो.

शेजारचा गडी बसल्या जागेवरून मला म्हणाला, "मन्नै हाथ कोनी छोड्या, कोच साहब."

"हाँ. नहीं छोडा तूने."

त्याने मी शिकवलेलेच केले होते.

अधिकारी दोरीपलीकडे उभा होता. कप्तान लंगडत त्याच्यापर्यंत गेला आणि त्याने हात जोडले. कप्तानाला कोणापुढे हात जोडताना मी त्याआधी पाहिले नव्हते.

"साहब, मशीन पै लगा दो. ना हो तो झाडू पै लगा दो. काम तै कोनी डरता मैं."

"भाई, मेरे हाथ में होता तो..." अधिकारी म्हणाला. मग मला मराठीत म्हणाला, "सर, याला घेऊन जा ना इथून. मला पाहवत नाही."

परतीच्या बसमध्ये कोणी रडले नाही. पालमच्या रेल्वे फाटकावर बस थांबली. उजेड जात आला होता. कप्तान उठला, दार उघडून खाली उतरला. लघवीला गेला असेल असे इतरांना वाटले. तो फाटकाच्या आडव्या खांबाखालून वाकून पलीकडे गेला आणि रुळांजवळ उभा राहिला. मी त्याच्या मागे उतरलो.

"क्या कर रहा है?"

"गाम में के मुँह ले कै जाऊँ?"

"आज गाँव जाना ही नहीं है. मेरे घर चल."

"बापू नै के कहूँगा?"

"आज कुछ नहीं कहना है."

गाडी आली. मी त्याचे मनगट धरले. त्याने सोडवून घेतले नाही. डबे संपेपर्यंत आम्ही तसेच उभे होतो. फाटकवाला आम्हाला शिव्या देत होता. त्या मला बऱ्या वाटल्या.

आम्ही तेव्हा गुडगावच्या नव्या वसाहतीत राहत होतो. आमची इमारत पुरी झाली होती, भोवतालच्या अर्ध्या होत्या. पत्नीने दार उघडले.

"अहो, हे काय? याचा गुडघा बघा किती सुजलाय. हरलात का?"

"हो. त्याला जेवायला वाढ. मी येईपर्यंत त्याच्यापाशी बस. उठू नकोस."

तिने ताट वाढायला घेतले. मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर जाऊन त्याच्या गावच्या दुकानात फोन केला. मुलगा दोन दिवस माझ्याकडे राहील, एवढाच निरोप त्याच्या वडिलांसाठी ठेवला. दुकानदाराने विचारले, "जीत गए के?" मी फोन खाली ठेवला.

परत आलो तेव्हा पत्नी तिच्या मोडक्या हिंदीत त्याला समजावत होती. "खा ले रे बेटा. थोडा तो खा." ताट तसेच होते. त्याने दोन घास घेतले, तेही तिच्यासाठी. मग भिंतीकडे तोंड करून तो बाहेरच्या खोलीत आडवा झाला. डोळे उघडे होते. मी त्याच्या गुडघ्याला मलम लावले. तो हलला नाही.

मग मी गच्चीच्या दाराला कडी घातली, पुढच्या दाराला आतून कुलूप लावले, किल्ली सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि माझी सतरंजी त्या दाराशी आडवी अंथरली.