इम्तियाजचा सजदा

इम्तियाज गेला.

त्याची एक मनापासूनची गोष्ट मी बंद पाडली होती. ती आज सगळ्यांसमोर लिहायचीय.

काल सकाळी माझगावला, स्वतःच्या घरी, चहा पिता पिता गेला. हार्ट अटॅक. वय बावन्न.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या वर्कशॉपमध्ये तो फिटर, मी स्टोअर्सला. तो रत्नागिरीकडचा कोकणी मुसलमान, मी मालवणचा. कंपनीच्या क्रिकेट टीममध्ये तो डावखुरा बॉलर आणि मी कॅप्टन.

टीम कधीच बंद पडली, पण मला 'नंदू' म्हणून हाक त्याने शेवटपर्यंत मारली नाही. कॅप्टनच.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. आझाद मैदानावर आमची सेमी फायनल. इम्तियाजने पाच विकेट काढल्या.

पाचवी पडली तसा तो पिचच्या बाजूला गुडघ्यावर बसला आणि कपाळ जमिनीला टेकवलं.

सजदा. दोन-तीन सेकंद, बस.

उठला, कपाळाला लाल माती तशीच, आणि लहान मुलासारखा हसत माझ्या अंगावर धावत आला. कोणीतरी तेवढ्यात फोटो काढला.

नंतर वडापाव खाताना मी विचारलं, "हे कुठून शिकलास रे?"

"टीव्हीवरून. शाळेत असताना बघितलं. बाहेरच्या टीमचा एक बॅट्समन, सेंच्युरी झाल्यावर असाच वाकला. अब्बा म्हणाले, बघ, एवढी पब्लिक टाळ्या वाजवतेय आणि हा पहिले वरच्याचे आभार मानतोय. मी तेव्हाच ठरवलं होतं. आपल्याला कधी पाच मिळाल्या तर करायचं."

मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. कसं वाटणार? फिफ्टी झाली की मी स्वतः गळ्यातलं गणपतीचं लॉकेट ओठांना लावून आभाळाकडे बघायचो. तेसुद्धा इंटरनॅशनल मॅच बघूनच उचललेलं.

फायनलच्या आदल्या दिवशी ऑफिसमधल्या एका साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

"तो फोटो सगळीकडे फिरतोय. त्याला सांग, ग्राउंडवर हे नको. उगाच विषय होतो."

मी म्हणू शकलो असतो, "साहेब, मग माझं लॉकेट?"

पण म्हणालो नाही.

जेवणाच्या सुट्टीत इम्तियाजला बाजूला घेतलं. "उद्या ते नको करूस रे."

"ते म्हणजे?"

"सजदा."

त्याने डबा बंद केला. "आणि तुझं लॉकेट?"

"ते वेगळं."

काय वेगळं, ते त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

"बरं, कॅप्टन," एवढंच म्हणाला.

फायनलमध्येही त्याने पाच काढल्या. पाचवी म्हणजे त्यांची शेवटची विकेट, आम्ही जिंकलो. मी मिडऑफला होतो. त्याचे गुडघे वाकलेले मी पाहिले. मग त्याने माझ्याकडे बघितलं, आणि बुटाची नाडी बांधायला लागला.

नाडी सुटलेली नव्हती.

सगळे त्याच्या अंगावर पडले, मीसुद्धा. मला तेव्हा हायसं वाटलं होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच आहे.

त्यानंतर आम्ही दहा वर्षं यावर चकार शब्द काढला नाही. ईदला मी त्याच्याकडे, गणपतीला तो आमच्याकडे. सगळं नॉर्मल.

मग दोन वर्षांपूर्वी डिलाईल रोडला आमच्या घरी मॅच बघायला बसलो होतो. चाळीतली पाच-सहा जणं, माझी मुलगी सई आणि इम्तियाज. समोरच्या टीमच्या बॅट्समनने सेंच्युरी मारली आणि सजदा केला.

शेजारचा एक जण बोललाच, "ग्राउंड आहे की मशीद?"

दोघं-तिघं हसले. इम्तियाज टीव्हीकडेच बघत राहिला.

संध्याकाळी आपल्या ओपनरची सेंच्युरी झाली. त्याने लॉकेट ओठांना लावलं, वर बघितलं. अख्खी खोली उभी राहिली. इम्तियाजनेही टाळ्या वाजवल्या, मनापासून.

सईने मध्येच विचारलं, "इम्तियाजकाका, तुम्हीपण करायचात ना सजदा? बाबांच्या कपाटात फोटो आहे. मग बंद का केलं?"

सगळे इम्तियाजकडे वळले.

इम्तियाज हसला. "अगं, एकदाच केला. नंतर विकेटच कुठे मिळाल्या तुझ्या काकाला?"

मला वाचवत होता तो. माझ्याच घरात, माझ्याच मुलीपासून.

"खोटं बोलतोय," मी म्हणालो. "विकेट मिळाल्या. मी त्याला नको म्हणून सांगितलं होतं."

"का?" सई म्हणाली.

मगाशी हसलेले सगळे आता माझ्याकडे बघत होते. "घाबरलो," एवढंच म्हणालो.

त्याला खाली सोडायला गेलो तेव्हा जिन्यात त्याचा हात धरला. "माफ कर यार."

तो काही तरी गोड बोलून सोडवेल असं वाटलं होतं. त्याचा स्वभावच तसा.

पण तो म्हणाला, "घरी जाऊन नमाज पढलोच मी त्या दिवशी. पण ग्राउंडवर करायचा होता रे, कॅप्टन. अब्बा बघायला आले होते."

त्याचे अब्बा तिथे होते हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं.

मग माझ्या खांद्यावर थोपटून तो गेला. पुढच्या रविवारी नेहमीसारखा फोन केला. त्याने मला माफ केलं असावं. मी पुन्हा विचारलं नाही.

काल दुपारी कब्रस्तानात सईपण यायचं म्हणत होती, तिला मी इम्तियाजच्या घरी, भाभींजवळ बसवलं. नमाजच्या वेळी मी मागे उभा राहिलो. नमाज झाल्यावर त्याचा धाकटा भाऊ रांगेतून वळून म्हणाला, "नंदूभाऊ, माती द्यायला पुढे या हां. भाईजान तुम्हाला मागे उभं राहू देणार नाही."

तीन मुठी माती दिली. हात बराच वेळ धुवावेसे वाटले नाहीत.

इम्तियाज, तू फार चांगला बॉलर होतास, आणि माझ्यापेक्षा मोठ्या मनाचा माणूस.

नीट जा, गाववाल्या.

तुझा, नंदू